मेटभाऊंची पानांची हजेरी

‘माणसाला त्याच्या पूर्ण नावाने, आदरपूर्वक हाक मारणे हा सुसंस्कृत कारभाराचा पाया होय.’

हे वाक्य माझं नाही. मी ते फक्त तीन प्रतींत लिहिलं, दोन कार्बन घालून. आणि तिसरी प्रत नीट उठली नाही म्हणून पुन्हा एकदा लिहिलं. इतक्या वेळा लिहिलेल्या वाक्यावर माणसाचा विश्वास बसतोच. माझाही बसला होता. अडचण एवढीच होती, की ज्या गृहस्थांनी मला लोकांशी बोलायला शिकवलं ते कोणालाच नावानं हाक मारत नसत, आणि त्यांचं स्वतःचं नाव मला ठाऊक नव्हतं.

जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणत. स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. अहेरीपासून सहा मैलांवर एक लाकडाचा डेपो होता. जंगलातून गाड्यांनी सागवान आणि बांबू यायचा. इथे तो उतरवायचा, सागवानाची साल काढायची, थप्प्या लावायच्या. मी वर्ध्याहून तिथे कारकून म्हणून गेलो, तो एक वळकटी आणि एक पेटीभर पुस्तकं घेऊन. पेटीतल्या कुठल्याच पुस्तकात मेटभाऊंसारखा माणूस नव्हता.

मेट म्हणजे मजुरांची हजेरी घेणारा आणि काम वाटून देणारा माणूस. आमचे मेट मूळचे सिरोंच्याकडचे, तेलुगू घरातले, पन्नाशी उलटलेले. धोतरावर खाकी कोट घालत. कोटाला एकच बटण होतं आणि ते चुकीच्या काजात लावलेलं असे, त्यामुळे त्यांची डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटं वर राहायची. ते बोट दाखवून कधी बोलत नसत, हनुवटीनं दाखवत. आणि समोर उभं राहून बोलत नसत. शेजारी येऊन बसत, आपण ज्या दिशेला पाहतोय त्याच दिशेला पाहत, आणि मग बोलत. तेही आपल्याशी नाही.

पहिल्या सकाळी मी ओंडक्यावर बसलो होतो. ते शेजारी येऊन बसले आणि ओंडक्याला म्हणाले, “या नव्या बाबूनं भाकर खाल्ली का नाई?”

मी ओंडक्याकडे पाहिलं. तो काही बोलला नाही.

“मला विचारताय का?”

“मंग?” ते ओंडक्याला म्हणाले. “लाकूड कुठी भाकर खाते?”

त्याच संध्याकाळी मी घरी पत्र लिहिलं, की इथलं हवापाणी बरं आहे, मेट मात्र जरासा वेडा आहे. पंधरा दिवसांनी दुसऱ्या पत्रात लिहिलं, की इथले सगळेच वेडे आहेत. कारण एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं, की डेपोतली निम्मी माणसं लाकडाशी बोलतात. एक म्हातारा ओंडक्याचं एक टोक धरून म्हणायचा, “लाकडा, तिकडून जरा उचल गा.” दुसऱ्या टोकाला पदर ओढलेली बाई असायची, ती टोक उचलायची आणि म्हणायची, “लाकडाले म्हना, पाय सांभाळजो.”

हे असं का, ते मला कोणी सांगितलं नाही. विचारल्यावर मेटभाऊ म्हणाले, “असंच आहे,” आणि हे त्यांचं सर्वांत सविस्तर स्पष्टीकरण होतं. हळूहळू मला जे उमगलं ते असं. डेपोवर माणसं एकेकटी येत नसत, घरंच्या घरं येत. आसपासच्या गावांतले धानवाले शेतकरी, सिरोंच्याकडचे तेलुगू बोलणारे मासेमार, भामरागडकडचे गोंड. ओंडक्याच्या एका टोकाला सासरा, दुसऱ्याला सून. एका थप्पीवर जेठ, म्हणजे थोरला दीर, आणि त्याच थप्पीवर धाकट्या भावाची बायको. यांनी एकमेकांशी थेट बोलायचं नाही, एकमेकांची नावं घ्यायची नाहीत, आणि ओंडका तर दोघांनी मिळूनच उचलायचा. भाषा तीन, पण हा नियम तिन्हींत एकच. मग मधे जे असेल त्याच्याशी बोलायचं. मधे लाकूड होतं. त्या डेपोत लाकडाइतकं सर्वांच्या घरचं कोणालाच ठाऊक नव्हतं.

मेटभाऊंचा कोणी सासरा तिथे नव्हता आणि सूनही नव्हती. तरी ते सगळ्यांशी लाकडातूनच बोलत. कोणाचं कोणाशी काय नातं आहे हे लक्षात ठेवण्यापेक्षा सगळ्यांनाच नातेवाईक धरणं त्यांना सोपं वाटत असावं. की हा नुसता आळस होता? मी पुष्कळ विचार केला आहे, आणि अजून ठरवू शकलेलो नाही.

काम शिकवायची त्यांची रीतही अशीच होती. नवी टोळी आली, की बांबूचा पहिला भारा ते स्वतः बांधत, आणि चुकीचा बांधत. बुंधे एकीकडे यायला हवेत, तर ते निम्मे इकडे, निम्मे तिकडे ठेवत. बांध इतका सैल, की भारा उचलताच सांडायचा. टोळी हसायची. एखादी गोंड बाई पुढे होऊन, काहीतरी बडबडत, भारा त्यांच्या हातातून काढून घ्यायची आणि नीट बांधायची. मग तेलुगू बाया तिची चूक काढायच्या. पाव तासात सगळ्यांना काम येत असायचं. पहिल्या आठवड्यात मी रोजच्या अहवालात लिहिलं होतं, की मेटला भारा बांधता येत नाही. ते कळल्यावर मेटभाऊ थप्पीला म्हणाले, “बरोबर काम दाखवाले दुभाषा लागते बाप्पा. चुकलेलं काम सगळ्याईले समजते.”

आणि हजेरी. पहाटे डेपोच्या फाटकात एक बांबूची टोपली ठेवलेली असे. येणारा प्रत्येक जण तीत एक पान टाकून आत जाई. प्रत्येकाचं झाड ठरलेलं होतं. कोणाचं मोह, कोणाचं ऐन, कोणाचं पळस, कोणाचं तेंदू. मेटभाऊ टोपली माझ्या टेबलावर आणत आणि एकेक पान उचलून झाडाचं नाव सांगत. माझ्या आधीच्या कारकुनानं हजेरीपटावर प्रत्येक नावापुढे झाड लिहून ठेवलं होतं. मी तिथे खूण करायचो. नावं पटावर होती, पण ती वाचायला कोणी तोंड उघडत नसे. माणसांनाही झाडांवरूनच ओळखत. सर्वांत जुनी कामकरीण, जिच्या आवाजाला सगळा डेपो भिई, ती मोहाबाई. मेटभाऊंचं झाड बिब्बा. बिब्ब्यानं अंगावर फोड येतात म्हणून तो कोणी घेईना, तो त्यांनी घेतला होता. पटावर त्यांच्या ओळीत फक्त लिहिलेलं होतं, ‘मेट – बिब्बा.’

काही दिवशी टोपलीत बिब्ब्याचं पान नसायचं. मेटभाऊ मात्र समोर बसलेले असायचे.

“तुमची खूण काय करू?”

“गैरहाजर.”

“पण तुम्ही आलात ना?”

“आलो. हाजर नाई,” असं टोपलीला म्हणून ते दिवसभर नदीच्या दिशेला पाहत बसत. त्यांची बायको अशाच कुठल्याशा दिवशी गेली होती, असं मोहाबाई एकदा पळसाला सांगत होती.

तर अशी ही हजेरी एका सकाळी शेळीनं खाल्ली. टोपलीत चार पानं उरली. मेटभाऊंनी आवारावर नजर फिरवली आणि म्हणाले, “सगळे हाजर. शेळीही.” मी प्रामाणिक कारकून होतो, शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘आजची हजेरी शेळीने खाल्ली.’ वरून विचारणा आली, की सदर शेळी कोणाच्या परवानगीने आवारात होती. त्याला मी उत्तर दिलं. त्या उत्तरावर आणखी विचारणा आली, आणि तिच्या मागोमाग साहेब आले.

साहेबांचं आडनाव मी लिहीत नाही. गृहस्थ वाईट नव्हते. उलट, त्यांच्याइतका मजुरांविषयी मनापासून कळवळा असलेला अधिकारी मी पुढे पाहिला नाही, आणि पाहायची इच्छाही उरली नाही. डेपोशेजारच्या बंगल्यात ते सपत्निक उतरले. टोपली पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“माणसांना पानं समजता तुम्ही?” ते मेटभाऊंना म्हणाले. “हे स्वतंत्र देशाचे नागरिक आहेत. यांना नावं आहेत!”

“आहेत ना जी,” मेटभाऊ टोपलीला म्हणाले.

दुपारी परिपत्रक निघालं. पहिलं वाक्य वर दिलंच आहे. पुढे होतं, की सर्व स्त्री-पुरुषांनी एका रांगेत, समान उभं राहावं. प्रत्येकाला ‘श्री’ किंवा ‘श्रीमती’ लावून, वडिलांच्या अथवा पतीच्या नावासह मोठ्याने पुकारावं. त्यानं ‘हजर’ म्हणावं. तीनदा पुकारून उत्तर न आल्यास गैरहजर. लागोपाठ तीन दिवस गैरहजर असल्यास नाव पटावरून कमी. हा शेवटचा नियम साहेबांनी शिस्तीसाठी घातला होता. तो कोणाला लागू पडेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

बंगल्याकडे जाता जाता ते मेटभाऊंना म्हणाले, “बारा वर्षं तुम्ही हंगामी आहात. तुम्हाला कायम करण्याचा कागद माझ्याकडे आहे. एवढी हजेरी सुधारा, मी सही करतो.” कायम होणं म्हणजे म्हातारपणी पेन्शन. मेटभाऊंनी मान हलवली. साहेब वळल्यावर थप्पीला म्हणाले, “याच्यात बिब्बा मलेच घालाव लागन का?”

पहिल्या सकाळी साहेबांनी स्वतः पट हातात घेतला. रांग लावतानाच घोटाळा झाला, कारण जेठाशेजारी भावजय उभी राहीना. ती सरकली, की दुसऱ्याच कोणाच्या सासऱ्याशेजारी पोचायची. रांग गोल फिरू लागली. कशीबशी थांबली, तेव्हा साहेबांनी खणखणीत आवाजात एका बाईला तिच्या नवऱ्याच्या नावासकट पुकारलं. नवरा मान खाली घालून उभा. सासरा दोन माणसांपलीकडे. बाईनं पदर ओढला आणि पाठ केली. तीनदा पुकारून झालं.

“गैरहजर,” साहेब म्हणाले.

“ही काय इथी उभी आहे!” मोहाबाई ओरडली.

“मग ती बोलत का नाही?”

“बोलन कशी? सासऱ्याच्या मोरं तुमी तिच्या नवऱ्याचं नाव घेऊन राह्यले!”

मग साहेबांनी मोहाबाईला पुकारलं. तीही गैरहजर झाली.

शेवटी अकरा बाया गैरहजर ठरल्या. अकराही जणी समोर उभ्या होत्या आणि मी त्यांच्यापुढे फुल्या मारत होतो. साहेबांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता गोंधळ होता. माझ्याही होता. मी रोज त्यांची पानं मोजत होतो, पण त्यांना नावानं ओळखत नव्हतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा लाजिरवाणं वाटलं, आणि त्याच वेळी असंही वाटलं, की पानंच बरी होती. हे दोन्ही विचार एकदम मनात ठेवता येत नाहीत. मी दिवसभर ठेवले.

दुसऱ्या दिवशी त्याच अकरा. कामाचे दोनच महिने उरले होते. पाऊस लागला की रस्ते बंद, मग भामरागडकडच्या बायांना चार महिने कुठलंच काम नाही. आता नाव कमी झालं तर पुढच्या हंगामातही घ्यायचं नाही, असा नियम होता. त्या संध्याकाळी टोपलीशी येऊन अकरा जणी मुकाट्यानं उभ्या राहिल्या. मेटभाऊ उठले आणि साहेबांच्या बंगल्याकडे गेले. मी मागोमाग गेलो. साहेब पायरीवर बसले होते. मेटभाऊ त्यांच्या शेजारी, एक पायरी सोडून, त्याच दिशेला तोंड करून बसले आणि अंगणातल्या ओंडक्याला म्हणाले, “साहेबाच्या घरी हाजरी कशी घेतेत, कोनाले मालूम?”

साहेबांनी ओंडक्याकडे पाहिलं, मग मेटभाऊंकडे. “माझ्या घरी? माझ्या घरी स्त्री-पुरुष समान आहेत. तुम्हाला उदाहरण हवंय ना? उद्या देतो. उद्या हजेरी आमच्या सौभाग्यवती घेतील. आणि शेवटचं नाव माझं असेल.”

मेटभाऊ ‘बरं’ म्हणाले. त्यांनी हे जाणून विचारलं होतं, की नुसती चौकशी केली होती? त्यांचा चेहरा पाहावा, तर ते नदीकडे पाहत होते.

तिसऱ्या दिवशी बाईसाहेब आल्या. वाचायचा आवाज गोड होता. अकरा जणी पुन्हा बोलल्या नाहीत. माझ्या फुल्या तयार होत्या. शेवटच्या ओळीत साहेबांनी स्वतःच्या हातानं आपलं पूर्ण नाव लिहिलं होतं. बाईसाहेब तिथवर आल्या आणि थांबल्या. साहेब रांगेच्या टोकाला ताठ उभे होते.

“पुकारा,” ते म्हणाले.

बाईसाहेबांनी तोंड उघडलं, मिटलं. डोक्यावर नसलेला पदर त्यांनी डोक्यावर घेतला.

“अहो…” त्या म्हणाल्या.

“अहो नाही. नाव. मोठ्यानं.”

मग मोहाबाई मायेनं म्हणाली, “घ्या ना बाई नाव. आमी नाई घेत, तुमी तरी घ्या. उखान्यात घेतलं तरी चालन!”

बाया हसल्या. बाईसाहेबांचे कान लाल झाले. त्यांनी पटाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं नाही. शेजारी सागाचा एक सोललेला ओंडका पडला होता. त्या ओंडक्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, “यांना म्हणावं, पोहे गार होताहेत.”

कोणी हसलं नाही. उलट सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणीतरी प्रथमच नीट बोललं, अशा. मेटभाऊ माझ्या टेबलापाशी आले आणि अतिशय कर्तव्यतत्पर आवाजात म्हणाले, “तीनदा झालं. बाबू, लिवा. साहेब गैरहाजर.”

त्यांनी थेट माणसाला उद्देशून बोललेलं मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. त्यांची पेन्शन साहेबांच्या खिशातल्या कागदावर होती, हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. मी साहेबांच्या नावापुढे फुली मारली.

साहेबांनी फुलीकडे पाहिलं. मग पोहे खायला गेले. दुपारी चिठ्ठी आली: अकरा नावं कमी करू नयेत, पुढील आदेशापर्यंत स्थानिक पद्धत चालू ठेवावी. स्वतःच्या फुलीबद्दल त्यांनी काही लिहिलं नाही. ती तशीच राहिली.

महिन्याभरात ‘पुढील आदेश’ आला. आता त्यात ‘पर्ण-हजेरी पद्धती’ असा शब्द होता, आणि ती साहेबांनी सूक्ष्म निरीक्षणातून विकसित केली असल्याचं नमूद होतं. साहेब मोकळ्या मनाचे असल्यामुळे हे त्यांना खरंच वाटत होतं. त्यांनी मेटभाऊंचा कागदही काढला. सर्व मजुरांसमोर समारंभ करायचा, कायम केल्याचा हुकूम पूर्ण नावानिशी मोठ्यानं वाचायचा, आणि सोबत एक सन्मानपत्र द्यायचं, असं ठरलं. त्या दोन्ही कागदांसाठी मेटभाऊंचं नाव हवं होतं. विचारायला मला पाठवलं.

मी एव्हाना शिकलो होतो. शेजारी बसलो आणि थप्पीला विचारलं.

“नाई जमत,” मेटभाऊ म्हणाले. “माहं नाव ते मोहाबाईच्या सासऱ्याचं नाव. माहं घेतलं का त्याचं घेतलं. म्हनून मी आलो त्याच सालापासून नाव घरी ठेवून येतो. नाई त ती मले शिव्या कशी देईन?”

“फक्त कागदावर लिहू. मी सांगतो साहेबांना, वाचू नका म्हणून.”

“लिवलं का कोनी ना कोनी वाचतेच, बाबू. त्याच्यासाठीच त लिवतेत.”

“पेन्शन जाईल, मेटभाऊ.”

“थे बाई बारा सालापासून माह्यावर वरडून राह्यली,” ते म्हणाले. “आता एका दिवसासाठी तिले मुकी करू का?”

साहेबांना मी हे सांगितलं. ते हळू आवाजात वाचायला तयार झाले, टोपणनाव लावायलाही तयार झाले, पण वरच्या कचेरीला टोपणनाव चालेना. नावाशिवाय माणूस कायम होत नाही. हुकूम परत गेला. सन्मानपत्र मात्र छापून आलं होतं, तेव्हा समारंभ झाला.

साहेबांनी उभं राहून वाचलं, “श्री…” आणि थांबले. पुढे जागा रिकामी होती. चाळीस माणसं वाट पाहत होती. मेटभाऊ मागे, फाटकापाशी बसले होते. तेवढ्यात मोहाबाईचा आवाज आला, “ओ बिबेवाल्या! झोपला का? तुलेच बलावून राह्यले, जा ना!”

मेटभाऊ उठले. डावी बाजू दोन बोटं वर, तशीच. पुढे येऊन त्यांनी सन्मानपत्र घेतलं, उलटं धरून थोडा वेळ पाहिलं, आणि माझ्या टेबलावर ठेवून परत गेले. मी सवयीनं टोपलीत पाहिलं. त्या दिवशी तीत बिब्ब्याचं पान नव्हतं. संध्याकाळी ते सिरोंच्याकडे जाणाऱ्या एका गाडीत मागच्या बाजूला, तोंड आमच्याकडे करून बसले. मोहाबाई फाटकाच्या खांबाला म्हणत होती, “म्हना त्याले, कोटाचं बटन नीट लाव.” गाडी वळेपर्यंत त्यांनी ते लावलेलं दिसलं नाही. पुढच्या हंगामातही ते आले नाहीत.

पुष्कळ वर्षांनी त्या बाजूला काही कामानं गेलो, तर डेपोच्या कचेरीत ते सन्मानपत्र चौकटीत घालून लावलेलं होतं. ‘श्री’ आहे, पुढे रिकामी जागा आहे, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे: ‘यांचे नाव या डेपोत सदैव आदराने घेतले जाईल.’ शिक्का दोनदा मारलेला आहे.